बसच्या पोटातला जनरेटर

यंत्रांबद्दल मी पहिल्यांदा लिहिलं ते शिव्या घालायला. ‘मालकाला कॉम्प्रेसरची काळजी, माणसाची नाही!’ हे वाक्य माझ्या पत्रकांत हमखास असायचं. वाक्य खोटं नव्हतं, आजही मागे घेणार नाही. पण कॉम्प्रेसर चालतो कसा, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी उत्तर म्हणून दुसरी घोषणा दिली असती. आमच्या वसईच्या वाडीत विहिरीवर ऑइल इंजिन होतं. त्याच्यावर केळी आणि पानवेली जगायच्या, आणि केळी-पानांवर माझं कॉलेज. तरी त्या इंजिनाशी माझा संबंध एवढाच, की ते सुरू झालं की दार लावून घ्यायचं.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. चिंचोटीच्या अलीकडे, कामणच्या अंगाला दगडाच्या खाणी जोरात होत्या आणि आम्ही सात-आठ पोरं-पोरी तिथल्या कामगारांत काम करायचो. काम म्हणजे सभा, अर्ज आणि पत्रकं. त्या खाणीत एक ड्रिलवाला होता. कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर चालणारं ड्रिल पोटाशी धरायचं आणि कातळात सुरुंगासाठी भोकं पाडायची, हे त्यानं बारा वर्षं केलं होतं. वय पस्तिशीच्या आत, आणि झोपडीपासून विहिरीपर्यंत जाताना त्याला दोनदा खाली बसावं लागायचं. मालक म्हणायचा, बिड्या ओढून क्षय झालाय. आम्ही म्हणायचो, छातीत दगडाची धूळ भरलीय, भरपाई द्या. कामगार अधिकाऱ्यापुढे दोन तारखा झाल्या. दोन्ही वेळा साहेबांनी एकच विचारलं, “एक्स-रे कुठाय?” सरकारी दवाखान्यात नंबर लागत होता दोन महिन्यांनी. सोमवारची तारीख शेवटची होती. त्या दिवशी एक्स-रे नसेल तर अर्ज निकालात.

म्हणून आम्ही डॉक्टरबाईंची बस मागवली.

डॉक्टरबाई साठीच्या होत्या, मुंबईच्या, एकट्या. नोकरी संपल्यावर त्यांनी भंगारात निघालेली एक बस घेतली, तिच्यात एक्स-रेचं यंत्र बसवलं आणि वर्षातले आठ महिने त्या तिच्यातच राहायच्या. पलंग दिवसा भिंतीला उचलून लावलेला. कप आकड्यांना टांगलेले. मागच्या बाजूला काळ्या पडद्याचं कपाट, त्यात लाल दिवा. तिथे फिल्म धुवायची. सगळ्या बसला रसायनाचा आणि कॉफीचा मिळून एक वास. आणि खाली, उजव्या कुशीत, पत्र्याच्या झडपेआड, जनरेटर. यंत्राला लागणारी वीज तो करायचा. इंजिन विलायती, वयानं माझ्याहून मोठं. बाई त्याला ‘म्हातारा’ म्हणायच्या.

बस शुक्रवारी पहाटे आली. शनिवारी पहाटे ती गुजरातच्या बाजूला जाणार होती, तिथलं शिबिर आधीपासून ठरलेलं. म्हणजे आम्हाला एकच दिवस. शुक्रवारी त्या पट्ट्यातल्या कारखान्यांना वीज नसायची, खाणही बंद असायची, त्यामुळे कामगार मोकळे होते. सगळं जुळून आलं होतं. घोळ केला तो मी.

अकराला एक वार्ताहर फोटो काढायला येणार होता. बसची बाजू नुसतीच करडी दिसत होती. मी सहकाऱ्यांना म्हटलं, असा फोटो छापून काय उपयोग? मैद्याची खळ शिजवून आणलेलीच होती. मी बसच्या उजव्या अंगाला चार मोठी पोस्टरं डकवली. आणि दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. ड्रिलवाल्याला त्याच्या भावानं पाठीवर घालून सकाळी आठलाच आणलं होतं, त्याला सगळ्यांत आधी आत घ्यायला हवं होतं. मी त्याला सावलीत बसवून ठेवलं. म्हटलं, वार्ताहर आला की तुमचा नंबर, फोटोत तुम्ही हवेत.

“बरं ताई,” तो म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला वेळ लागला.

जनरेटर सुरू झाला. चार जणांच्या छातीचे फोटो निघाले. पाचवा माणूस आत उभा असताना करपल्यासारखा वास आला, इंजिनाचा आवाज जड झाला आणि ते थांबलं. डॉक्टरबाईंनी दोरी ओढून पाहिली. चाक जागचं हललं नाही.

सातिवलीच्या एका गाळ्यात मोटारींची वायरिंग करणारा होता, त्याच्याकडे एकाला पिटाळलं. गाळा बंद, माणूस घरी सापडला आणि न येताच सांगून मोकळा झाला, “जळलेल्या तारा नव्यानं गुंडाळायला आठ दिवस लागतील.” उरला एकच. खाणीचा फिटर.

खाणीचा फिटर म्हणजे त्याच कॉम्प्रेसरचा रखवालदार. खाडीकाठच्या शेतकरी घरातला, मालकाच्या मर्जीतला. महिन्याभरापूर्वीच मी एका पत्रकात लिहिलं होतं, ‘मालकाच्या ताटाखालची मांजरं ओळखा!’ नाव घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती.

सायकल मारत मी त्याच्या दारात गेले. त्याची बायको ओटीवर सुकी मच्छी निवडत होती. तिनं मला आपादमस्तक पाहिलं आणि आत तोंड करून हाक दिली, “अवो, पत्रकवाली बाय आलीय. मांजर घरान हाय का म्हनून इचारतंय.”

आतून आवाज आला, “मांजर जेवतंय. बस म्हनावं.”

मी उभी राहिले. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला त्या दिवशी ओटीवर पाच मिनिटं गप्प उभं राहता आलं, ही माझ्या मते नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. तो हात पुसत बाहेर आला. चाळिशीचा, बारीक, बनियनवर. मी सगळं सांगायला लागले, सुनावणी, सोमवार, अन्याय. त्यानं हात वर केला.

“ते राहू दे. मशीन कशी बंद पडली? धापा टाकत का गचकन?”

“म्हणजे?”

“म्हनजे आवाज बसत बसत गेला, का एकदम?”

“माहीत नाही.”

“तू तितंच व्हतीस ना?”

“होते.”

“मंग?”

मंग काय? मी तिथे होते आणि वार्ताहराची वाट बघत होते. त्यानं आतून हत्यारांची पिशवी आणली आणि सायकल काढली.

खाणीवर पोचल्यावर त्यानं झडप उघडली नाही. आधी बसला एक फेरी मारली. मग उजव्या बाजूला उभा राहून माझ्या एका पोस्टरवर तळवा ठेवला आणि लगेच काढला. कागद पिवळा पडला होता. मधोमध आत ओढला जाऊन त्याच्यावर बारीक चौकटी उमटल्या होत्या, जाळीच्या.

“हितनं वारा घेते ती,” तो म्हणाला. “कोनी लावला ह्यो?”

सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे उत्तर मिळालंच.

“वाच, बाय. मोठ्यान वाच.”

मी वाचलं. ‘कामगारांचा श्वास कोंडणाऱ्यांचा धिक्कार असो!’

रांगेत बसलेल्या बाया आधी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एक हसली आणि सगळी रांग हसत सुटली. खोकत खोकत हसली. ड्रिलवालासुद्धा हसला आणि त्याची ढास थांबेना, तेव्हा सगळे गप्प झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मी पण बघायला हवं होतं.” त्या मला वाचवायला म्हणाल्या, पण त्यानं मी वाचले नाही. खिडकीखालची सपाट जागा मला जाळी म्हणून दिसलीच नव्हती. घोषणेला लागणारी जागा, एवढीच दिसली होती. नखांनी खरवडून मी पोस्टर काढलं.

त्यानंतरचे तीन तास मी पहिल्यांदा यंत्राकडे बघितलं.

मला वाटलं होतं, तो आता हातोडा घेईल. त्यानं काही घेतलं नाही. झडप उघडून ठेवली आणि बिडी न पेटवता नुसती बोटांत धरून बसला. मी म्हटलं, “दादा, वेळ जातोय.” तो म्हणाला, “तापलेल्याला हात लावला का मोडतंय. गार व्हऊ दे तिला. पोरगी तापली का आपन तिला उठाबशा काढाया लावतो का?” डॉक्टरबाईंचा ‘म्हातारा’ त्याच्या तोंडी पोरगी झाला होता.

गार झाल्यावर त्यानं प्लग काढला, त्या भोकात रॉकेल आणि तेल मिळून ओतलं आणि पुन्हा बसला. मग चाकाला दोन्ही हात लावले. जोर नाही लावला. इकडे एक रेघभर, तिकडे एक रेघभर. कान इंजिनाला टेकवलेला. आम्ही चाळीस माणसं उभी होतो आणि कुणी पाय हलवत नव्हतं. केव्हातरी चाक बोटभर फिरलं. मग चार बोटं. मग अर्धं. त्यानं मान वर केली नाही, पण त्याच्या पाठीवरून मला कळलं.

दोरी ओढली, इंजिन धडधडायला लागलं, मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्याच. कारण बसमधला दिवा लागला नव्हता. इंजिन फिरत होतं आणि वीज नव्हती.

त्यानं इंजिन बंद करून मागचं झाकण उघडलं. आत फिरत्या तांब्यावर टेकणारे कार्बनचे दोन ठोकळे असतात, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. वीज त्यांच्यातून बाहेर येते, हे मला त्यानं तेव्हा दाखवलं. त्यातला एक भुगा झाला होता. विलायती मापाचा ठोकळा चिंचोटीत कुठून मिळणार? त्यानं पिशवीच्या तळातून एक जाड ठोकळा काढला. खाणीतल्या मोटारीचा, झिजून बदललेला.

मी म्हटलं, “मांजर म्हटलं ते मागे घेते.”

“राहू दे. मांजर व्हतो म्हनून ह्यो घावला.”

समोरच्या काळ्या कातळावर पाणी शिंपडून तो ठोकळा घासायला बसला. माप नव्हतं, पट्टी नव्हती. दहा वेळा घासायचं, खाचेत घालून बघायचं, परत घासायचं. शेवटी ठोकळा खाचेत आपल्या वजनानं खाली उतरला, ना अडकला ना डुगडुगला. मग त्यानं बारीक पॉलिश कागद तांब्यावर गुंडाळला आणि ठोकळ्याच्या पोटाला तांब्याचा गोलावा येईपर्यंत चाक हातानं फिरवत राहिला. लेथ मशीनवर होतं ते काम, असं पुढे मला कुणीतरी सांगितलं. मी ते एका माणसाला उकिडवं बसून करताना पाहिलंय.

इंजिन पुन्हा सुरू झालं. दिवा नाही.

आता मला रडू फुटायच्या बेतात होतं. दुपारचे अडीच, आणि वार्ताहराचा अजून पत्ता नव्हता. फिटर मात्र पहिल्यांदाच हसला. “इसरली,” तो म्हणाला.

“काय विसरली?”

“लोखंडान थोडं चुंबक शिल्लक ऱ्हातं. त्याच्यावर ती वीज धरते. आज एवढी तापली, ते गेलं. आता तिला याद दिली पायजे.”

त्यानं बसच्या बॅटरीपासून दोन वायरी ओढून आणल्या. एक टोक जोडलं. दुसरं चिमट्यात धरलं, आतल्या एका तारेला पापणी लवण्याइतका वेळ टेकवलं आणि उचललं. निळी ठिणगी उडाली. बसमधला दिवा आधी निखाऱ्यासारखा तांबूस झाला, मग पिवळा, मग असा लखलखला की भर दुपारी खिडकीतून डोळ्यांत आला.

रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले. मी देवबीव मानत नव्हते, तशी भाषणंही केली होती. पण माझेही हात कोपरातून वर आले होते, ते मला नंतर समजलं. आयुष्यभर बटण दाबून दिवा लावला होता. दिवा लागण्याआधी लोखंडाला काहीतरी आठवावं लागतं, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलंही असेल तर मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

पण अडचण संपली नव्हती. इंजिनाचा वेग सांभाळणारी स्प्रिंग ढिली पडली होती. एक्स-रे काढताना एकदम वीज ओढली जायची आणि इंजिन बसायचं. फिटर म्हणाला, “मी बोटानं देतो.” तो झडपेशी मांडी घालून बसला, एक बोट वेग वाढवणाऱ्या लहानशा दांड्यावर. आत डॉक्टरबाई म्हणायच्या, “श्वास घ्या... धरा.” ‘घ्या’ ऐकलं की तो दांडा दाबायचा, ‘धरा’ला इंजिन पुऱ्या जोरात असायचं, ‘सोडा’ म्हटलं की बोट मागे. एकामागून एक माणसं आत जाऊन आली. बघता बघता त्याचाही श्वास त्यांच्याबरोबर वर-खाली व्हायला लागला. मी त्याच्याकडे बघत होते. तो कुणाकडेच बघत नव्हता.

दिवा लागल्याबरोबर ड्रिलवाल्याला मी पहिला घ्या म्हटलं होतं, पण तो उन्हानं गळून झोपला होता. भावानं म्हटलं, जरा राहू दे. चार वाजता त्याला आत उभा केला. “श्वास घ्या... धरा.” दीड सेकंद धरायचा होता. त्याला धरवेना. ढास लागली, फिल्म हलली, फुकट गेली. पाणी देऊन पुन्हा. पुन्हा तेच.

डॉक्टरबाई दारात आल्या. फिटरला म्हणाल्या, “याला एवढा वेळ धरता येणार नाही. पाव सेकंदात काढायचं तर विजेचा जोर बराच वाढवायला हवा. जमेल?”

त्यानं दांडा एकदा चाचपून पाहिला. “मी देन. पन कार्बन घासून बसवलाय, बाई. जळला तर जळला. मंग ह्या बाकीच्यांचा नाय निगायचा.”

बाहेर अजून खडी फोडणाऱ्या अकरा बाया बसल्या होत्या. सकाळपासून, उपाशी. मी त्यांच्याकडे वळले. खरं सांगते, समजावण्यासाठी मनात भाषण तयार होतं. त्यातल्या एकीनं मला तोंडच उघडू दिलं नाही.

“त्याची तारीख सोमवारची हाय. आमची छाती कुटं पळून जाते? काढा त्याचा.”

फिटरनं बिडी कानावर ठेवली. बोट दांड्यावर. आतून आवाज आला, “श्वास घ्या.” इंजिन ओरडायला लागलं, सबंध बस थरथरली, आकड्यांवरचे कप एकमेकांवर आपटले. “धरा.” दिवा पांढरा झाला, खट्ट असा आवाज झाला आणि झडपेतून धूर आला. फिटरनं बोट काढलं. दिवा विझला. इंजिन नुसतं फिरत राहिलं, मग त्यानं तेही बंद केलं.

बाई काळ्या पडद्याआड गेल्या. लाल दिवा बॅटरीवर होता. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ओली फिल्म होती, दोन चिमट्यांत धरलेली, पाणी ठिबकणारी. त्यांनी ती आभाळाकडे धरली.

मी ‘सिलिकोसिस’ हा धुळीच्या रोगाचा शब्द किमान पंधरा पत्रकांत छापला होता. पाहिला नव्हता. फासळ्या इतक्या नीटस होत्या, की कुणी सुतारानं बसवल्यासारख्या. आणि त्यांच्या मागे, काळं असायला हवं तिथे, दोन्ही बाजूंना वरपर्यंत पांढरे कण. भाताचं तूस उधळावं तसे.

“हे माजं?” ड्रिलवाल्यानं विचारलं.

“तुझं,” बाई म्हणाल्या.

“बिडीचं?”

“नाही. दगडाचं. बिडीनं असं होत नाही. मी तसं लिहून देते, सहीनिशी.”

त्यानं बराच वेळ पाहिलं. फिटर येऊन मागे उभा राहिला होता, हात काळे. ड्रिलवाला त्याच्याकडे न बघताच म्हणाला, “बारा वर्सांत तुजी मशीन एक दिस बंद नाय पडली, फिटर.”

त्या वाक्यात राग होता की कौतुक, मला आजही ठरवता येत नाही. मी रागाचं वाक्य बनवायला शिकलेली होते, आणि कौतुकाचं मला येत नव्हतं. फिटर म्हणाला, “नाय पडू दिली मी.” आणि खाली बघितलं.

“बाई, बरा व्हईन का?”

“नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण आता तुला कुणी खोटं म्हणू शकत नाही.”

तो मान हलवत राहिला. मग हात पुढे केला. मी म्हटलं, दादा, फिल्म माझ्याकडे द्या, फायलीला लावते, सोमवारी मीच साहेबांपुढे ठेवते, बोलायचं ते मी बोलते.

“नको ताई. ओली हाय अजून.” त्यानं ती चिमट्यांसकट घेतली आणि उन्हाकडे धरली. “सोमवारी मीच दाखवीन. तुमी नुसत्या संगं या.”

भाऊ पाठ वाकवून उभा होता. ड्रिलवाला पाठीवर चढला, पण फिल्म त्यानं भावाच्या डोक्याच्या वर, हात ताणून धरली होती, वाऱ्याला सुकत. खाणीच्या उतारावरून ते दोघे खाली गेले आणि वळणापर्यंत ती फिल्म आम्हाला दिसत होती.